हाडांची साक्ष

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, हे या एका चित्राने जगाला दाखवले. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. ही चरबी मोजली ती डेक्सा तपासणीने, आणि डेक्सा मुळात हाडांची घनता मोजण्यासाठी आलेली. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण हाडात किती अडतात आणि मऊ भागात किती, यावरून ती हिशेब मांडते. हाड मोजायचे तर मांस आणि चरबी वेगळी काढावीच लागते.

म्हणजे यंत्राच्या लेखी हाड आणि चरबी शेजारी-शेजारी आहेत. शरीराच्या लेखीही आहेत का? या प्रश्नाचा इतिहास एका लहानशा प्रथिनाभोवती फिरतो. त्याचे नाव ऑस्टिओकॅल्सिन.

१९७५-७६च्या सुमारास अमेरिकेत हाउश्का, लियान व गॅलप यांनी आणि स्वतंत्रपणे पॉल प्राइस यांनी ते हाडात शोधले. माणसात ते अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे असते. हाड घडवणाऱ्या पेशी ते तयार करतात, ‘के’ जीवनसत्त्वामुळे त्याला कॅल्शियम धरता येते आणि ते हाडात रुतते. थोडे रक्तात सांडते. तेवढ्यावरून हाडांची घडण किती वेगाने चालली आहे याचा अंदाज बांधायचा, एवढाच त्याचा उपयोग पुढची अनेक वर्षे होता.

१९९६मध्ये जेरार कार्सेंटी यांच्या गटाने ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर तयार केले. हाडे कमकुवत होण्याऐवजी उलट वाढली. शिवाय या उंदरांच्या पोटात चरबी फार होती. हा धागा धरून २००७मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यांनी मोठा दावा मांडला : कॅल्शियम न धरणारे ऑस्टिओकॅल्सिन हे संप्रेरक आहे, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन वाढवायला लावते. सांगाडा म्हणजे नुसता वासे-खांबांचा ढाचा नव्हे, ती ग्रंथीही आहे! कल्पना इतकी देखणी की तिच्या मागे लोक धावले नसते तरच नवल. मधुमेही आणि लठ्ठ माणसांच्या रक्तात ऑस्टिओकॅल्सिन सरासरीने कमी असल्याचे निष्कर्ष येऊ लागले आणि हृदयविकाराशीही त्याचा संबंध तपासला जाऊ लागला.

इथे मी थबकतो. टाइप २ मधुमेहात हाडांची घडमोडच मंदावते. हाड झिजताना रक्तात येणारा सीटीएक्स हा घटकही तेव्हा कमी दिसतो. मग ऑस्टिओकॅल्सिन कमी म्हणून साखर वाढली, की साखर वाढली म्हणून हाडाचे काम मंदावले? रक्ताचा एक नमुना याचे उत्तर देऊ शकत नाही. अशा संबंधांवरून उपचाराची आशा बांधणाऱ्यांनी हा फरक फारसा मनावर घेतला नाही, असे माझे मत आहे.

२०२०मध्ये दोन गटांनी, एक अमेरिकेतला आणि एक जपानच्या नागासाकीतला, आपापले ऑस्टिओकॅल्सिनरहित उंदीर तयार करून निष्कर्ष छापले. दोघांच्याही उंदरांची साखर ठीक होती. कार्सेंटी यांच्या बाजूचे लोक हे मानायला तयार नाहीत; उंदरांचे वाण आणि जनुक काढण्याची पद्धत यांवरून वाद सुरू आहे.

नागासाकीच्या उंदरांत एक दोष मात्र सापडला. हाडातले खनिजाचे बारीक स्फटिक एरवी कोलॅजेनच्या तंतूंना समांतर, ओळीत बसतात. या उंदरांत ती ओळ मोडली होती.