बादशहाचे तीन पुत्र

मद्यपानाच्या अनर्थाचें चित्र मराठी वाचकांच्या मनावर कायमचें कोरलें तें राम गणेश गडकरी यांनीं. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें १९१९ च्या फेब्रुवारींत. त्यापूर्वीं महिनाभर, २३ जानेवारीस, आमच्या नागपूर जिल्ह्यांतील सावनेर येथें नाटककाराचा अंत झाला होता. त्या नाटकांत सुधाकराच्या व्यसनाची झळ सोसते ती त्याची पत्नी सिंधु. परंतु व्यसनी मनुष्य हा कोणाचा तरी पुत्रहि असतो, आणि वयांत आलेल्या, आपल्या शब्दाबाहेर गेलेल्या पुत्राकडे पाहत बसणाऱ्या आईबापांचें दुःख गडकऱ्यांच्या विषयांत आलेलें नाहीं. त्या दुःखाची एक सविस्तर नोंद इतिहासांत आहे. ती सांपडते अकबर बादशहाच्या घरांत. आणि तिचा एक मोठा भाग घडला तो आमच्या शेजारच्या वऱ्हाडांत. म्हणून ती हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

अकबराचे तीन पुत्र मोठे झाले: सलीम (जन्म १५६९), मुराद (१५७०) आणि दानियाल (१५७२). तिघांसहि मद्याचें व्यसन जडलें. हा शत्रु बादशहास अपरिचित नव्हता. त्याचा सावत्र भाऊ, काबूलचा मिर्झा हकीम, १५८५ सालीं ऐन तारुण्यांत मद्यानेंच गेला होता. सामान्य गृहस्थास जें जें नसतें तें सर्व अकबरापाशीं होतें. वैद्य, पहारेकरी, द्रव्य, दंडशक्ति, कशाचीहि वाण नव्हती. एवढ्या सामर्थ्याचा बाप आपल्या मुलांसाठीं काय करूं शकला आणि काय करूं शकला नाहीं, हें पाहण्यांतच या हकीकतीचें महत्त्व आहे.

चांदबिबीनें अहमदनगरचा किल्ला लढविला आणि १५९६ च्या तहानें वऱ्हाड मोंगलांस मिळालें. त्या मोहिमेवरील शहाजादा मुराद यानें बाळापुराजवळ शहापूर वसवून तेथें मुक्काम केला. पित्यापासून दूर, सरदारांशीं बेबनाव, त्यांतच लहानग्या पुत्राचा मृत्यु. दुःख बुडविण्यासाठीं त्यानें प्याला अधिकच जवळ केला. वार्ता कळतांच अकबरानें त्यास घरीं आणण्यासाठीं १५९९ च्या आरंभीं खुद्द अबुल फज्लास पाठविलें. पण बोलावणें येत आहे असें समजतांच शहाजाद्यानें अहमदनगरच्या मोहिमेचें निमित्त काढून तळ हलविला. पित्याचें तोंड चुकविण्याची ही धडपड ज्यांच्या घरीं असें व्यसन शिरलें आहे त्यांस अनोळखी वाटणार नाहीं. अबुल फज्ल छावणींत पोंचला तो मुरादच्या मृत्यूच्या सुमारासच. पूर्णेच्या कांठीं त्या वर्षाच्या मे महिन्यांत, वयास एकोणतीस पुरीं होण्यापूर्वींच, तो गेला.

या घावानंतर दानियालविषयीं अकबरानें अधिक कडक उपाय योजले. बुऱ्हाणपुरास असलेल्या या शहाजाद्यास पत्रांमागून पत्रें गेलीं. त्याचा सासरा खानखानान अब्दुर्रहीम याच्यावर जबाबदारी टाकण्यांत आली, आणि मद्याचा थेंबहि आंत जाऊं नये म्हणून पहारे बसले. पुढें काय झालें तें जहांगिरानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. दानियालास शिकारीचा नाद होता आणि आपल्या एका आवडत्या बंदुकीस त्यानें 'जनाजा' असें नांव दिलें होतें. शहाजाद्यानें गयावया केल्यावर एका नोकरानें त्याच बंदुकीच्या नळींतून कडक दारू आंत आणिली. नळींतील दारूगोळ्याची राख आणि लोखंडाचा गंज तींत विरघळला. ती पिऊन शहाजाद्यानें अंथरूण धरलें तो उठला नाहीं. हें १६०५ सालीं घडलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अकबरहि निवर्तला.

येथें क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. पहारा खोटा नव्हता आणि खानखानान बेफिकीर नव्हता. परंतु पहारा दारावर असतो आणि तृष्णा आंत असते. आंतल्या माणसाचाच पहाऱ्याशीं सलोखा नसेल, तर बंदुकीची नळीसुद्धां तिला वाट करून देते. शिवाय शहाजाद्याभोंवतीं जे होते ते बहुतेक त्याच्या कृपेवर जगणारे नोकर. त्याच्या मर्जीविरुद्ध बोलण्यांत त्यांचें नुकसान होतें आणि मर्जी राखण्यांत लाभ.

तिसरा पुत्र सलीम, तोच पुढें जहांगीर. त्यानें आपल्या व्यसनाचा हिशेब कांहींहि न लपवितां दिला आहे. अठराव्या वर्षीं शिकारीच्या थकव्यावर पहिला पेला घेतला; नऊ वर्षांत तें प्रमाण दुहेरी ऊर्ध्वपातनाच्या मद्याच्या २० पेल्यांवर गेलें, पैकीं १४ दिवसा आणि बाकीचे रात्रीं. हात इतके कांपूं लागले कीं पेला दुसऱ्यानें तोंडाशीं धरावा लागे. तेव्हां त्यानें स्वतः हकीम हुमाम यास बोलाविलें. हकिमानें भीड न धरितां सांगितलें कीं, असेंच चाललें तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाहीं. हें बोलणें शहाजाद्याच्या मनास लागलें. त्यानें मद्य सौम्य करविलें आणि प्रमाण हळूहळू उतरवीत सुमारें सात वर्षांत सहा पेल्यांवर आणिलें. मद्याची जागा कांहीं अंशीं अफूनें घेतली, आणि ती अखेरपर्यंत सुटली नाहीं. तेव्हां यास पूर्ण मुक्ति म्हणतां येणार नाहीं. पण तीन भावांतून हा एकच वांचला.

पित्यानें त्याच्याशीं केलेलें वर्तनहि पाहण्यासारखें आहे. बंड करून बसलेला सलीम १६०४ च्या नोव्हेंबरांत आजीच्या दुखवट्यासाठीं आग्र्यास आला, तेव्हां अकबरानें त्यास आंत नेऊन थोबाडींत मारली, व्यसनासाठीं निर्भर्त्सना केली, आणि राजा शालिवाहन या वैद्याच्या देखरेखीखालीं सुमारें दहा दिवस कोंडून ठेविलें. मद्य व अफू बंद. परंतु एका डच वृत्तांतांत असें आहे कीं, दुसऱ्याच दिवशीं त्या पोलादी पुरुषानें आपल्या हातांनीं मुलास अफू नेऊन दिली. ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ज्यानें मुलाचें तडफडणें पाहिलें आहे अशा बापास ती खोटी वाटणार नाहीं. एका हातानें थप्पड आणि दुसऱ्या हातानें अफू, यांमध्यें आजहि किती घरें झोके खात असतील!

नागपुरासहि या विषयाची आठवण आहे. शेवटचे भोंसले राजे तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले. अखेरच्या वर्षांतील त्यांच्या मद्यासक्तीचा उल्लेख रेसिडेंट मॅन्सेलच्या अहवालांत आला, आणि राज्य खालसा करितांना डलहौसीनें मृत राजाच्या चारित्र्यावर तोच डाग पुढें केला. दुसऱ्या रघूजींची विधवा बांकाबाई, जिनें या राजास लहानपणापासून पाहिलें होतें, ती हा सारा प्रकार पाहण्यास जिवंत होती. घरांतील दुखणें उद्यां परक्याच्या हातांतील हत्यार होईल ही भीति खोटी नाहीं. पण या भीतीनें दुखणें झांकून ठेविलें तर तें बरें होत नाहीं; फक्त त्यावर बोलण्याचा पहिला मान परक्यास मिळतो.

आजचें वैद्यकशास्त्र व्यसनास दुर्गुण न म्हणतां रोग म्हणतें, आणि तो उलटणाराहि असतो असें बजावतें. अति पिणाऱ्याचें मद्य एकाएकीं तोडलें तर कंप, झटके, भ्रम आणि क्वचित् मृत्यूहि ओढवतो. म्हणून घरच्या घरीं कोंडण्याऐवजीं वैद्याची देखरेख आवश्यक असते. अमेरिकेंत १९३५ सालीं मद्यपींनीं स्वतःच आपली परस्परसहाय्य संस्था काढली, आणि १९५१ मध्यें त्यांच्या कुटुंबीयांसाठीं निराळी संघटना उभी राहिली. महाराष्ट्रांत 'गर्द'चें थैमान सुरू झालें, तेव्हां २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास 'मुक्तांगण' निघालें. डॉ. अनिता व अनिल अवचट यांचे श्रम आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचें साहाय्य यांतून ही संस्था उभी राहिली. तेथें रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांसहि बोलावून बसवितात, कारण व्यसनाबरोबर सारें घरच वांकडें चालूं लागलेलें असतें. खोटीं निमित्तें सांगणें, कर्जें फेडणें, एके दिवशीं घराबाहेर काढणें आणि दुसरे दिवशीं हातांत पैसे ठेवणें, हीं सर्व प्रेमाचींच रूपें. पण तीं व्यसनाच्या कामीं येतात.

मग आईबापांच्या हातीं काय राहतें? अकबराच्या घरची हकीकत वाचून आम्हांस असें वाटतें कीं, प्रौढ पुत्राचा पेला बापानें मोजून भागत नाहीं. सलीम वांचला तो स्वतः मोजूं लागला तेव्हां. परंतु त्यास मोजावयास लावणारा, खरें बोलणारा एक मनुष्य त्याच्या आयुष्यांत होता आणि मुरादच्या छावणींत तो वेळेवर पोंचला नाहीं. तसा मनुष्य मुलापर्यंत पोंचविणें, तो वैद्य असो वा त्याच वाटेनें जाऊन परत आलेला दुसरा व्यसनी असो. आपण स्वतः त्याच्यापुढें आणि जगापुढें खोटें न बोलणें. आणि पाऊल घसरलें तरी परतीची वाट बंद न करणें, एवढें आईबापांस करितां येतें. यश मात्र हमखास नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्या जहांगिरानें आपले पेले वीसावरून सहावर आणिले, त्याचाच पुत्र पर्वीझ १६२६ सालीं मद्यानें गेला. आणि तोहि बुऱ्हाणपुरासच.