मुखवट्यातून बाहुलीत

नाटक म्हटले की आधी संहिता आणि मग तालीम, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, संहितेवाचून दोनशे वर्षे रंगलेल्या नाटकाची मला नेहमीच मौज वाटत आली आहे. सोळाव्या शतकात इटलीत मुखवट्यांची प्रहसने सुरू झाली. कथानकाचा नुसता आराखडा पडद्यामागे टांगलेला असे. संवाद ज्याने त्याने आयत्या वेळी रचायचे. १५४५ साली पादुआत आठ नटांनी केलेला मंडळीचा करार प्रसिद्ध आहे. सामान वाहायला सर्वांनी मिळून घोडा घ्यावा, आजारी नटाची काळजी मंडळीने वाहावी, अशी कलमे त्यात आहेत.

पात्रे मात्र ठरलेली. व्हेनिसचा चिक्कू व्यापारी पंतालोने, बोलोन्याचा पोकळ पंडित दोत्तोरे, बढाईखोर पण भित्रा कापितानो, ठिगळांच्या अंगरख्यातला नोकर आर्लेक्किनो. आणि नेपल्सचा पुल्चिनेल्ला. त्याचा मुखवटा काळा, नाक चोचीसारखे, कपडे ढगळ व पांढरे, आणि पोटात कायमची भूक.

लिहिलेले काही नाही, म्हणजे सरकारला आधी तपासायलाही काही नाही! पण नटाला देह असतो, आणि देहाला हद्दपार करता येते. १६९७ साली चौदाव्या लुईने पॅरिसमधील इटालियन नटांना हाकलून दिले. राजाच्या प्रिय मादाम द मँतनाँची टवाळी त्यांना भोवली, असे सांगतात. राजा १७१५ साली वारला, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी नवी मंडळी आली.

बाहुलीला ही भीती नव्हती. १६६२ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये सॅम्युएल पेपिसने इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. तिथे पुल्चिनेल्लाचा पंच झाला. हा पंच शिपायाला बडवतो आणि फाशी देणाऱ्यालाच युक्तीने फासावर चढवतो. प्रेक्षक टाळ्या पिटतात. १८४१ साली लंडनच्या एका विनोदी साप्ताहिकाने त्याचे नाव घेतले, आणि त्या साप्ताहिकाच्या नमुन्यावर मुंबईत 'पारसी पंच' व 'हिंदी पंच' निघाले. नेपल्सचे नाक असे आपल्या दारापर्यंत पोचले.

मला अधिक जवळचा वाटतो तो ल्योंचा गिन्योल. रेशमाचे विणकाम बसल्यावर लोराँ मूर्गे दात उपटण्याचा धंदा करू लागला. गिऱ्हाईक जमावे म्हणून तो पोलिशिनेलची, म्हणजे पुल्चिनेल्लाच्याच फ्रेंच भावंडाची, बाहुली नाचवी. पुढे १८०८च्या सुमारास त्याने गिन्योल घडवला. त्याची भाषा विणकरांची, भांडण घरमालकाशी आणि पोलिसाशी. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत या खेळांचे संवादही आधी लिहून मंजूर करून घ्यावे लागत. १८६५ साली ते ग्रंथरूपाने छापले, तेही एका न्यायाधीशाने!

लाकडाच्या डोक्यातले विचारही सरकारला वाचून पाहावेसे वाटले. भुकेल्या नोकराच्या हसण्याला याहून मोठा मान कोणता मिळायचा?