लघुरूपे, पोलिश

नामांना, विशेषणांना, क्रियाविशेषणांनाही प्रत्यय लावून केलेली लाडिक रूपे. पोलिश नाव ‘झ्द्रोब्न्येन्या’. पुल्लिंगी नामाला बहुधा -एक किंवा -इक, स्त्रीलिंगी नामाला -का आणि नपुंसकलिंगी नामाला -को लागतो. वस्तूचा लहानपणा दाखवणे हे त्यांचे मूळ काम. रोजच्या व्यवहारात मात्र त्यांतून बोलणाऱ्याची माया, आर्जव, क्वचित तुच्छताही कळते.

‘कावा’ म्हणजे कॉफी. ‘काफ्का’ किंवा ‘कावेच्का’ घ्यायला बोलावणारा कप लहान आणत नाही. निवांत बसून बोलू, असे सुचवतो. ‘ख्फिला’ म्हणजे क्षण; कचेरीच्या खिडकीपलीकडून ‘ख्फिलेच्कें!’ ऐकू आले की थांबायचे, आणि ते थांबणे एरवीपेक्षा कमी असेल याची हमी नाही. आगगाडीतला तपासनीस ‘बिलेती’ऐवजी ‘बिलेचिकी’ मागतो, तेव्हा हुकमाची धार बोथट होते.

नावांत ही कला फुलते. कातझिनाची काशा होते, जास्त लाडात काशेन्का, तर काश्का म्हटले की सलगीबरोबर थोडा रांगडेपणाही येतो. कचेरीत ‘पानी काशू’ अशी हाक सर्रास ऐकू येते. ‘पानी’ म्हणजे बाई, त्यामुळे आदर आणि जवळीक एकाच हाकेत साधतात. यान कोखानोव्स्की या कवीने 1580 साली आपल्या मृत मुलीवर ‘त्रेनी’ ही शोकगीते प्रसिद्ध केली. त्यांत तिच्या चिमुकल्या कपड्यांनाही त्याने लघुरूपेच वापरली आहेत, आणि तिथे या प्रत्ययांचे सारे बळ दिसते.

काही रूपे आता स्वतंत्र शब्द झाली आहेत. ‘उखो’ म्हणजे कान; ‘उश्का’ हे नाताळच्या आदल्या रात्री बीटाच्या सूपमध्ये घालायचे कानाच्या आकाराचे मोदकवजा पदार्थ. ‘वोदा’ म्हणजे पाणी. त्याचेच लघुरूप व्होडका.

अतिरेक मात्र खटकतो. दुकानदार पैशांना ‘प्येन्योंश्की’ म्हणतो, परिचारिका प्रौढ रुग्णाकडे ‘रोंच्का’, म्हणजे इवलासा हात, मागते. आपल्याला लहान मुलासारखे वागवले जात असल्याचे अनेकांना वाटते आणि ती तक्रार रास्त आहे. ‘दोक्तोरेक’ तर डॉक्टरला उघडच खाली खेचतो.