टीनाचे मासिक

अमेरिकेतील हायस्कुलांचे जुने हजेरीपट चाळणाऱ्यास एका मासिकाच्या जन्माची निम्मी कैफियत त्यांतच वाचावयास मिळते. १९०० साली चौदा ते सतरा वर्षांच्या दर शंभर मुलामुलींपैकी जेमतेम अकराजणे हायस्कुलाची पायरी चढत. बाकीची शेतावर, गिरणीत, दुकानात किंवा घरकामात जुंपली जात, आणि बालपण सरले की त्यांना परस्पर प्रौढांच्या पंगतीस जाऊन बसावे लागे. १९४० पर्यंत हेच प्रमाण शंभरी सत्तराच्या वर गेले. हा विद्येच्या प्रेमाचा विजय होता असे समजण्याचे कारण नाही. १९२९ नंतरच्या महामंदीत बापांनाच रोजगार मिळेना, तेव्हा लेकरांना कामावर कोण घेणार, आणि शाळेत न बसवावे तर त्यांचे करावयाचे काय, असा तो रोकडा व्यवहार होता. परंतु एका वयाची लक्षावधी मुले वर्षानुवर्षे एकत्र नांदू लागली, आणि त्यांतून स्वतःची बोली, स्वतःचा पोशाख व स्वतःची गाणी असलेला एक नवाच वर्ग देशात उदयास आला. पुढे युद्धामुळे कामाला माणसे कमी पडू लागली, तेव्हा याच वर्गातील मुलींच्या हाती शाळा सुटल्यावरच्या कामाचे चार पैसेही खुळखुळू लागले. १२ ऑक्टोबर १९४४ रोजी फ्रँक सिनात्रा या गायकासाठी न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरसमोर मुलींची अशी झुंबड उडाली की बंदोबस्त ठेवता ठेवता पोलिसांची पुरेवाट झाली. या वर्गाचे अस्तित्व ज्यांना तोवर जाणवले नव्हते त्यांनाही त्या दिवशी ते मान्य करावे लागले.

याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९४४ मध्ये, ‘सेव्हन्टीन’चा पहिला अंक बाजारात आला होता. किंमत पंधरा सेंट. प्रती चार लाख, आणि त्या पहिल्या काही दिवसांतच संपल्या. मुलींसाठी नियतकालिक काढण्याची कल्पना अर्थात नवी नव्हती. लंडनच्या एका धर्मप्रसारक संस्थेने १८८० सालीच ‘गर्ल्स ओन पेपर’ हे एक पेनीचे साप्ताहिक सुरू केले होते, आणि अमेरिकेत १९४१ पासून ‘कॉलिंग ऑल गर्ल्स’ निघत होते. पण लंडनच्या त्या साप्ताहिकाचा रोख मुलीला सद्गुणी करण्याकडे होता. तिच्या पर्सवर डोळा ठेवून तिचे मन ओळखण्याची विद्या तोवर कोणी हस्तगत केलेली नव्हती. ‘सेव्हन्टीन’ काढणाऱ्या ट्रँगल पब्लिकेशन्सचे मालक वॉल्टर ॲननबर्ग यांच्या घराण्याची मिळकत मुख्यत्वे घोड्यांच्या शर्यतींच्या दैनिकावर उभी होती, आणि नवे मासिक निघाले तेही ‘स्टारडम’ नावाचे सिनेमाचे मासिक मोडीत काढून त्याच्या जागेवर. अशा घरात हेलन व्हॅलेंटाइन यांच्यासारखी संपादिका लाभावी हा मुलींच्या नशिबाचाच भाग म्हटला पाहिजे.

व्हॅलेंटाइनबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीशी खालच्या पट्टीत, लाडीगोडीने किंवा उपदेशाच्या सुरात बोलावयाचे नाही, असा त्यांचा शिरस्ता असे. त्यामुळे फ्रॉक, केशरचना, मुरुमांवरचे उपाय आणि मुलांशी वागण्याच्या रीतीभाती यांच्या शेजारीच महायुद्ध, संयुक्त राष्ट्रसंघ, अणुशक्ती आणि वंशद्वेष यांवरील लेख निःसंकोचपणे छापले जात. कलादिग्दर्शनाचे काम १९४७ पासून सिपी पिनेलेस यांच्याकडे आले. त्यांनी तर कथांसाठी बेन शान यांच्यासारख्या प्रतिष्ठित चित्रकारांकडून चित्रे काढवून घेतली, आणि जी मुलगी कधी चित्रदालनात पाऊल टाकण्याचा संभव नव्हता तिच्या उशाशी तत्कालीन कला नेऊन ठेवली. मुलींची पत्रे छापण्यासाठी अंकात स्वतंत्र जागा राखलेली असे. आपले म्हणणे देशाने छापील अक्षरांत वाचावे हा अनुभव त्या वयात किती मोठा असतो, हे ज्याने स्वतः कधी संपादकास पत्र धाडले असेल त्याला निराळे सांगावयास नको. मॅसॅच्युसेट्समधील सिल्व्हिया प्लाथ या मुलीच्या अनेक कथा याच मासिकाने साभार परत केल्या होत्या. अखेर ऑगस्ट १९५० च्या अंकात तिची एक कथा प्रसिद्ध झाली, तेव्हा ती खरोखरीच सतरा वर्षांची होती. पुढे कवयित्री म्हणून तिची कीर्ती झाली. चिकाटीने लिहीत राहण्याचे वळण तिला लागले त्यात या नकारांचाही हातभार असावा, असा माझा कयास आहे.

हा झाला दिवाणखान्यातला देखावा. माजघरात निराळाच उद्योग चालला होता. मासिकाच्या प्रचाराचे काम एस्टेल एलिस नावाच्या पंचविशीतील हुशार बाईंकडे होते. सोळा वर्षांची मुलगी हे स्वतंत्र गिऱ्हाईक आहे ही गोष्ट त्या वेळी व्यापाऱ्यांच्या गावीही नव्हती. कापडवाल्यांच्या लेखी मुली दोनच मापांच्या, एक लहान आणि एक बाई. ही समजूत मोडून काढण्यासाठी मासिकाने १९४५ मध्ये मुलींच्या आवडीनिवडींची व खर्चाची पद्धतशीर पाहणी करवून घेतली, आणि तिच्या आधारे ‘टीना’ नावाची एक सरासरी मुलगी घडवून तिची ओळख कारखानदारांना व जाहिरातदारांना करून देणारी पत्रके एलिसबाईंनी पाठवण्यास आरंभ केला. या पत्रकांतील टीना हायस्कुलात शिकते. आपण फार उंच आहोत, फार लठ्ठ आहोत, फार बुजऱ्या आहोत असे तिला सारखे वाटत असते. मनातले प्रत्येक दुखणे ती आईपाशी उघड करीत नाही, पण आपल्या मासिकाला मात्र पत्र लिहून विचारते की कपडे कोणते घालू, ओठांना रंग कोणता लावू, पैसे कसे पुरवू आणि अमक्या मुलाचे काय करू. याच्या पुढचा मुद्दा एलिसबाईंनी व्यापाऱ्यांच्या कानी विशेष घातला होता. टीना अनुकरणप्रिय आहे; तिच्या मैत्रिणी जे घालतात तेच ती घालते, त्या जे खातात तेच खाते; सबब एक टीना वश झाली की तिचा सगळा घोळका पदरात पडलाच म्हणून समजावे.

या मासिकाचा सारा इतिहास मला या एका विसंगतीत सामावलेला दिसतो. संपादिका त्या मुलीला स्वतःच्या डोक्याने विचार करावयास सांगत होती, आणि त्याच इमारतीतील प्रचारखाते तिच्या अनुकरणशीलतेचा लिलाव पुकारीत होते. दोघींपैकी कोणीही लबाड नव्हती. एलिसबाईंनी जाहिराती मिळवल्या नसत्या तर अणुशक्तीवरील लेखाला कागद मिळाला नसता, हे व्हॅलेंटाइनबाई पक्के जाणून होत्या. खप तीन वर्षांच्या आत दहा लाखांवर गेला.

१९५० मध्ये व्हॅलेंटाइनबाईंना तेथून जावे लागले. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी निघणाऱ्या ‘चार्म’ या मासिकाचे संपादन त्यांनी पत्करले, आणि एलिस व पिनेलेस याही त्यांच्यामागोमाग तिकडे गेल्या. ‘सेव्हन्टीन’चा कारभार पुढे ॲननबर्ग यांच्या भगिनी एनिड हॉप्ट यांच्या हाती आला. जग कोणीकडे चालले आहे याची चर्चा मागे पडून शिष्टाचार, शृंगार आणि घरसंसार यांना अग्रपूजेचा मान मिळाला. या काळातील अंकांत सिडार लाकडाच्या पेट्यांच्या जाहिराती येत. या पेट्या लग्नाआधीपासून मुलीने चादरी, टेबलावरची कापडे आणि असेच संसारोपयोगी सामान साठवण्यासाठी असत. चांदीच्या काट्याचमच्यांच्या जाहिरातीही शेजारी असतच, आणि त्या वाचणारी मुलगी अजून बीजगणिताच्या परीक्षेची धास्ती घेत असे! अर्थात जाहिरातदारांचा हिशेब चुकीचा नव्हता: त्या दशकात अमेरिकेत वधूचे सर्वसाधारण वय विशीच्या आसपास येऊन ठेपले होते.

मधल्या तीस-चाळीस वर्षांचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येण्याजोगा आहे. पृष्ठे रंगीत झाली, पानांवरच्या मुली अधिकाधिक कृश झाल्या, प्रतिस्पर्धी निघाले व बुडाले. १९८८ मध्ये निघालेल्या ‘सॅसी’ने मुलींशी त्यांच्याच बोलीत, लैंगिक विषयांसकट, मोकळेपणाने बोलण्याचे धाडस केले, तेव्हा धार्मिक संघटनांनी जाहिरातदारांवर बहिष्काराचे दडपण आणले, आणि जाहिरातदारांनी पाय मागे घेताच त्या मोकळेपणाला कात्री लागली. तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला होती, हे त्या प्रसंगी उघडे पडले.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत ५४८ शाळकरी मुलींपैकी शेकडा ६९ जणींनी सांगितले की, सुडौल शरीर कसे असावे ही आपली कल्पना मासिकांतील चित्रांवरून ठरते. शेकडा ४७ जणींना ती चित्रे पाहून वजन उतरवावेसे वाटत होते. २०१२ साली मेन राज्यातील चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने, दर महिन्याला निदान एक छायाचित्रमाला संगणकावर फेरफार न करता छापावी, अशी मागणी ‘सेव्हन्टीन’कडे केली आणि तिच्या अर्जावर ८४,००० हून अधिक सह्या जमल्या. मुलींचे चेहरे व बांधे बदलणार नाही, असा जाहीरनामा मासिकाला त्याच वर्षी छापावा लागला. संपादिकेने जी स्वतंत्र बुद्धी १९४४ मध्ये मागितली होती ती अशी, थोडी उशिराच आणि मासिकाच्याच विरोधात, रुजू झाली. २०१८ मध्ये छापील मासिक नियमितपणे निघणे बंद झाले.

प्रभावाचा निवाडा करताना मात्र मी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाला अधिक वजन देतो. तेरा ते सतरा वर्षांच्या २१९ मुली निवडून त्यांतील काहींना पंधरा महिने फॅशनच्या मासिकाची वर्गणी भेट देण्यात आली, बाकीच्यांना दिली नाही. एकंदर मुलींवर त्या वाचनाचा म्हणण्यासारखा दुष्परिणाम आढळला नाही. आढळला तो ज्या आधीच आपल्या शरीराविषयी असमाधानी होत्या आणि ज्यांना जवळच्या माणसांचा पुरेसा आधार नव्हता, त्यांच्यावर. व्यापाऱ्यांना पाठवलेल्या पत्रकांत एलिसबाईंनी जिचे वर्णन केले होते, ती स्वतःला बेढब समजणारी आणि मनातले आईला न सांगणारी मुलगी हीच. मासिकाने तिला निर्माण केले नाही. मात्र ती कोण, कोठे आणि कशाने दुखावते हे पहिल्या दिवसापासून नेमके ठाऊक असून त्याच माहितीवर त्याने आपला बाजार मांडला, ही जबाबदारी त्याला टाळता येणार नाही.