लोणारचा सोडा आणि बीकरमधले बुडबुडे

शाळेत प्रकाशसंश्लेषण दाखवायला फार सामान लागत नाही. बीकरमध्ये हायड्रिलाच्या चार काड्या, त्यांवर पालथे नरसाळे आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. बीकर उन्हात ठेवला की कापलेल्या देठातून बुडबुडे सुटू लागतात. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते भराभर येतात. नळीत साठलेल्या वायूत धुमसती काडी धरली की ती भप्पकन पेटते. तो ऑक्सिजन असतो.

पाण्यातली पाने उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात थांबतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ साली दाखवले. त्यासाठी पाण्यात कर्बवायू विरघळलेला असावा लागतो, हे पुढे जिनीव्हाच्या सेनेबिएने सिद्ध केले. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाचे बुडबुडे आपोआप नोंदवणारे यंत्रच बनवले. त्यांचा प्रकाशसंश्लेषणावरचा ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

चिमटीतला तो सोडा बुलढाणा जिल्ह्यात मात्र सरोवरभर आहे.

लोणारचे उल्काविवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, पण बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि सोड्याचे क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. माणसांनी आधी ओळखला तो हा खार. काच आणि साबण यांसाठी लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की खार गोळा होई, आणि डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी त्याची प्रतवारी लागे.

याच सोड्यातला कार्बन घेऊन स्पायरुलिनासारखे सूक्ष्म नील-हरित जीव इथे उदंड वाढतात. सरोवराचा हिरवा रंग त्यांचाच. लोणारबद्दल लिहिताना उल्केचे आणि देवळांचे कौतुक होते, ते रास्तच. पण या हिरव्या पाण्यालाही तेवढाच मान मिळायला हवा.

जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले आणि गावोगावी चर्चा उठली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव आढळले. पाणी आटून खारटपणा वाढला, की त्यांचे फावते. त्यांच्यातले काही जीवही उन्हापासून ऊर्जा घेतात, पण ऑक्सिजन सोडत नाहीत. पावसाळ्यात पाणी वाढले, तसा गुलाबी रंग ओसरला.