सर्दीनं फ्लूची वाट अडवली?

२००९ म्हटलं की पुणं आठवतं. स्वाइन फ्लूची धास्ती, तोंडाला बांधलेले रुमाल. त्याच वर्षी फ्रान्स आणि स्वीडनमधले शास्त्रज्ञ वेगळ्याच कोड्यात पडले होते. शाळा उघडल्या, साधी सर्दी पसरली आणि स्वाइन फ्लूची लाट मात्र लांबली. सर्दीच्या रायनोव्हायरसनं फ्लूला दारातच थोपवलं की काय?

यासाठी तुम्हाला १९५७च्या लंडनला नेतो. मिल हिलच्या संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडनमन यांनी, उष्णतेनं निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याच्या तुकड्यांवर सोडला. मग जिवंत विषाणू सोडला, तर तो तिथे वाढेना. खरी गंमत पुढे आहे. त्या तुकड्यांभोवतीचं नुसतं द्रावण नव्या तुकड्यांना दिलं, तर तेही विषाणूला दाद देईनात! म्हणजे पेशींनीच काहीतरी बाहेर सोडलं होतं. त्याला नाव दिलं ‘इंटरफेरॉन’. हल्ला झालेली पेशी त्यातून शेजारणींना सावध करते.

२०२०मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशींना आधी रायनोव्हायरसची लागण केली. नंतर दिलेला २००९चा फ्लू त्यात जेमतेम वाढला. इंटरफेरॉनचा परिणाम रोखला, तेव्हा तो पुन्हा फोफावला.

माझ्या मते हा पुरावा भक्कम आहे, पण प्रयोगशाळेतल्या पेशी म्हणजे अख्खा देश नव्हे. शिवाय हा पहारा थोड्याच दिवसांचा असतो. तेव्हा सर्दी झाली म्हणून फ्लूची लस टाळू नका!