सभेची गर्दी आणि मतांची पेटी
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

निवडणूक लागली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत काही ठरलेले शब्द परत येतात. ‘अलोट गर्दी’, ‘विराट सभा’, ‘मैदान तोकडे पडले’. दुसऱ्या दिवशी वडूजच्या चौकात चहा घेताना त्यावर चर्चा होते. कुणी म्हणतो, ‘गर्दी बघितली का, आता सीट निघाली.’ दुसरा लगेच म्हणतो, ‘अरे, माणसं आणलेली होती.’ दोघेही गर्दीकडेच बघत असतात आणि दोघांनाही त्यातून निकाल दिसत असतो. गर्दीवरून मतं खरंच ओळखता येतात का, हे आपल्याच भागाच्या इतिहासात शोधायचा प्रयत्न मी करणार आहे.

आधी मोजणीचं बघू. अमेरिकेत बर्कलीला हर्बर्ट जेकब्ज नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांची गर्दी मोजण्यासाठी त्यांनी एक साधा हिशोब बसवला. माणसं मोकळी उभी असतील तर एकाला सुमारे दहा चौरस फूट लागतात, दाटीनं उभी असतील तर साडेचार. आपण हे गुंठ्यात करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात मोकळी माणसं शंभर-सव्वाशे, दाटीची अडीचशेच्या आत. म्हणजे लाखाची सभा म्हणायची तर दहा एकरांपेक्षा जास्त रान खच्चून भरायला हवं. शेतकऱ्याच्या पोराला दहा एकर म्हणजे किती, हे सांगावं लागत नाही.

यात एक गंमत आहे. निवडणूक आयोगाची पथकं सभेचं चित्रीकरण करतात. खुर्च्या, मांडव, गाड्या यांचा खर्च उमेदवाराच्या नावावर लागतो. त्यामुळे बातमीसाठी जी सभा विराट असते, तीच खर्चाच्या तक्त्यात बेताची होऊन बसते.

पण समजा, आकडा खरा मिळाला. तरी तो काय सांगतो? माण मतदारसंघात, ज्यात आपलं वडूज येतं, तीन लाखांच्या वर मतदार आहेत. दहा हजारांची सभा झाली तर ती आपल्याला मोठीच वाटणार. पण तिथं आलेले सगळे याच मतदारसंघातले धरले तरी शंभरात तीनच माणसं मैदानात आली, सत्त्याण्णव आली नाहीत. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं वीस लाखांहून जास्त लोकांची मतं टपालानं गोळा केली आणि रूझवेल्ट हरणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. त्यांची नावांची यादी मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांची होती, आणि उत्तरं पाठवणारेही काही ठरावीक वृत्तीचेच होते. ढीग मोठा होता, पण तो सगळ्या गावाचा नव्हता. सभेचंही असंच असतं.

आता आपल्या मातीतली गर्दी बघू. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला. त्याआधी ३ सप्टेंबरला तासगावला मोर्चा झाला होता, दुसऱ्या दिवशी १० तारखेला इस्लामपूरला झाला. वडूजला निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. मोर्चाचं नेतृत्व करणारे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. त्या दिवशी किती माणसं होती यावर मी वाद घालणार नाही. त्या गर्दीचं वजन तिच्या आकड्यात नव्हतं. इथं येण्याची किंमत काय पडू शकते, हे ठाऊक असून माणसं चालत आली होती. पुढे याच सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि गावोगावच्या घरांनी भूमिगतांना भाकरी दिली. मोर्चातली माणसं पांगली, तरी त्यांच्यामागचा पाठिंबा विरला नव्हता, हे त्यातून कळलं.

गर्दी आणि मतं एकाच दिशेनं गेल्याचं मोठं उदाहरण १९५७ सालचं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माणसं लोटत होती. मतपेट्या उघडल्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली होती. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला थोडक्यात बचावले. प्रश्न एकच होता, तो घराघरात पोहोचला होता, आणि सभेला न आलेला माणूसही सभेतल्या माणसासारखाच विचार करत होता. १ मे १९६० रोजी राज्य मिळालं आणि प्रश्न सुटला. १९६२ला साताऱ्याची जागा काँग्रेसच्या किसन वीर यांच्याकडे गेली. नाना पाटलांबद्दलचं प्रेम आटलं म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. लोकांसमोरचा प्रश्न बदलला होता.

१९७७ची गोष्ट दिल्लीची. फेब्रुवारीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरी बसावं म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर ‘बॉबी’ लावला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. तरी मैदान भरलं आणि पुढे उत्तरेत सत्ता उलथली. पण त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या आणि साताऱ्यानं यशवंतरावांनाच निवडून दिलं. दिल्लीच्या मैदानावरून साताऱ्याचा अंदाज बांधणारा फसला असता.

उलट बाजूही आहे. अटलबिहारी वाजपेयींना ऐकायला विरोधी पक्षाचे लोकसुद्धा जायचे. १९८४ला ते ग्वाल्हेरला पडले आणि त्यांच्या पक्षाला देशात दोन जागा मिळाल्या. २०१९च्या लोकसभेला राज ठाकरे यांनी एकही उमेदवार उभा न करता राज्यभर सभा घेतल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ लहान पोरांच्याही तोंडी बसलं. निकालात मात्र भाजप-शिवसेना युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. भाषण आवडणं वेगळं आणि मत देणं वेगळं.

मग साताऱ्याची ती पावसातली सभा? १७ ऑक्टोबर २०१९ला पंतप्रधान मोदींची साताऱ्यात मोठी सभा झाली. दुसऱ्या दिवशी शरद पवार भर पावसात बोलले आणि माणसं भिजत उभी राहिली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांना ८७ हजारांहून जास्त मतांनी हरवलं. पावसानं निवडणूक फिरवली, असं तेव्हापासून आपण म्हणतो. पण त्याच दिवशी सातारा विधानसभेला भाजपचे शिवेंद्रसिंहराजे निवडून आले. कोरेगावला राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे पडले. आपल्या माणमध्ये भाजपचे जयकुमार गोरे तीन हजारांच्या आसपास मतांनी आले. वडूजकर तर लोकसभेला माढ्याचे मतदार, त्यामुळे त्या पोटनिवडणुकीत आपलं मतच नव्हतं. पाऊस जिल्ह्याचा होता, निकाल जागोजागचे निघाले. पुढे २०२४ला उदयनराजे पुन्हा लोकसभेवर गेले आणि विधानसभेच्या आठही जागा महायुतीला मिळाल्या.

या सगळ्यावरून मला तीन गोष्टी दिसतात. एक, माणूस सभेला कसा आला ते बघावं. वडापनं स्वतःच्या पैशानं आलेला, ऊन-पाऊस सोसून थांबलेला माणूस आणि आणलेला माणूस मैदानात सारखेच दिसतात, पण सारखे नसतात. दोन, सभा संघटनेची ताकद दाखवते. गावागावातून गाड्या भरणारा कार्यकर्ता मतदानादिवशीही घराघरात जाऊ शकतो, म्हणून आणलेली गर्दीही अगदीच पोकळ नसते. तीन, आणि ही सर्वांत मोठी, न आलेल्यांना विसरू नये. खटाव-माणची कितीतरी माणसं मुंबईत माथाडीत आहेत, परमुलखात सोन्या-चांदीच्या गलाईच्या दुकानांत आहेत. ती सभेला येत नाहीत, जमलं तर मतदानाला येतात. भांगलणीला गेलेल्या बायका सभेत दिसत नाहीत, रांगेत दिसतात.

गर्दीचे आकडे फुगवले जातात ते या माणसांसाठीच. ‘सगळे तिकडेच चाललेत’ असं वाटलं की एकटा माणूस आपलं मत गिळतो. गुप्त मतदानाची सोय आहे ती अशाच माणसासाठी. तेव्हा सभेला जरूर जावं, भाषण मन लावून ऐकावं, टाळ्याही वाजवाव्यात. यंत्रापुढे आडोशाला उभं राहिल्यावर मात्र मैदानातली गर्दी मैदानातच राहू द्यावी.